बिनआढ्याचं छप्पर

अ‍ॅबर्डीन, १४ जानेवारी १९५७

मामा,

तुम्हाला कळलंच असेल. चांगली बातमी फेरीबोटीची वाट बघते, वाईट बातमी नदी पोहून जाते. फिनलंडहून इथे येऊन वसलेल्या आपल्या लोकांचा हॉल जळाला. नाताळच्या नाचानंतर धुराड्याचा पाइप तापून भिंतीला लागला आणि सकाळी तुमच्या चार खांबांपैकी एकच उभा होता. कुणाला इजा नाही. पियानो गेला, पण त्याच्यासाठी कुणी रडलं नाही. तो बेसूरच होता.

हॉल पुन्हा बांधायचा यावर सगळ्यांचं एकमत आहे. कशाचा बांधायचा यावर भांडण आहे. मी सभेत उभी राहिले आणि म्हणाले, प्लायवुडचा, भिंती आणि छप्परसुद्धा. असा हशा पिकला की विचारू नका. अध्यक्ष पेर्नू म्हणाला, "बाई, प्लायवुडचं कपाट होतं. आम्ही काय कपाटात नाचायचं?"

हसणारे कोण, तर निम्मे माझ्याच मिलमधले. मिल आमची सगळ्यांची आहे. मालक आम्हीच, हमालही आम्हीच. ओंडका फिरवत बटाट्याच्या सालासारखा त्याचा पातळ पापुद्रा काढायचा, तो वाळवायचा, एक थर उभा, एक आडवा असे चिकटवून तापत्या दाबाखाली घालायचे, हे यांचं रोजचं काम. मी लढाईच्या काळापासून त्या थरांतल्या गाठी काढून ठिगळं लावतेय. यांचे वडील गेले तेव्हा शवपेटीच्या झाकणाला हेच लाकूड चाललं. डोक्यावर मात्र चालत नाही.

मामा, आमच्या आवारात माल पडून आहे. बाहेरचे सुतार म्हणतात, दारांना घेऊ, फडताळांना घेऊ, छपराला नको. आता आमच्याच हॉलला आम्ही फळ्या मारल्या, तर परक्याने आमचा माल का म्हणून घ्यावा? एक-दोन वर्षांत मिलला कुलूप लागेल. हेही मी सभेत बोलले. शेवटी पेर्नू म्हणाला, "पहिला हॉल याल्मारीने बांधला. तो हो म्हणाला, तर माझी ना नाही."

म्हणून हे पत्र. छप्पर कसं असेल ते सांगते. घड्या घातलेलं. वासे नाहीत, आढं नाही, मधले खांब नाहीत. घडीनेच सगळा भार पेलायचा. मिलचा इंजिनिअर हाल्वोर्सन याने आकडेमोड केली आहे. तो नॉर्वेचा आहे, पण माणूस बरा आहे. तुमचा विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र वाचून झालं की त्याला पंख्यासारख्या घड्या घाला, दोन पुस्तकांवर आडवं ठेवा आणि वर कॉफीचा कप ठेवा. सरळ कागद लगेच बसतो. घडीचा बसत नाही.

सोबत प्लायवुडचा एक तुकडा पाठवतेय, बसायच्या पाटाएवढा. त्याचे हवे तेवढे हाल करा.

तुमची लेम्पी


अस्टोरिया, २७ जानेवारी

लेम्पी,

कागद वाया घालवू नये म्हणून तुझ्याच पत्राच्या पाठीवर लिहितोय.

दोन गोष्टी. पहिली, तो पाइप मी लावलेला नव्हता. दुसरी, नाही.

तुझं प्लायवुड मला चांगलं माहीत आहे. इथल्या चर्चची दारं मी त्याची केली होती. विकणारा म्हणाला, नवा जमाना आहे, याल्मारी. पहिल्याच हिवाळ्यात दारांचे पापुद्रे सुटले. पाद्री दर रविवारी प्रवचनात कांद्याचा दाखला देऊ लागला आणि सगळी मंडळी मान वळवून माझ्याकडे बघायची. गोंद कशाचा होता ठाऊक आहे? कत्तलखान्यातल्या रक्ताचा. चार पावसांत त्या रक्ताचं पुन्हा पाणी झालं. मी गोंदावर घर बांधत नाही. खळ लावून पतंग करतात, छप्पर नाही.

आणि आढं नाही म्हणजे काय? आढं नसेल तर आढ्याची कॉफी कधी प्यायची? आढं चढलं की त्याच्या टोकाला स्प्रूसच्या झाडाचा हिरवा शेंडा बांधायचा आणि मालकाने सुतारांना कॉफी पाजायची. त्या कॉफीत आणखी काय घालतात ते पाद्र्याला सांगायचं नाही. मालक कंजूस निघाला तर शेंड्याच्या जागी केरसुणी टांगायची, म्हणजे गावाला कळतं. माझ्या बापाने असंच केलं, त्याच्या बापानेही असंच केलं. घर उभं राहिलं हे त्याशिवाय कळणार कसं? तुझ्या घड्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे देवाला तरी कळेल का?

कागदाचा खेळ मी केलेला नाही. मला वेळ नाही.

याल्मारी मामा


अ‍ॅबर्डीन, ४ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मिळालं. म्हणजे माझंच मिळालं. त्याला पंख्याच्या घड्या पडलेल्या आहेत आणि बरोबर मधोमध घड्यांच्या कण्यांवर कॉफीच्या कपाचा डाग आहे. सांडलेल्या कॉफीचा ओघळ नाही, कपाच्या बुडाचा गोल डाग आहे. म्हणजे कप उभा राहिला.

तुम्हाला आयुष्यात खोटं बोलता आलं नाही. आता या वयात शिकू नका.

चर्चच्या दारांचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तो गोंद तसाच होता. आताचा गोंद वेगळा आहे, तो उकळत्या पाण्यातही सोडत नाही. यावर मी भांडणार नाही. तुमच्याकडे तुकडा आहे, पातेलं आहे, चूल आहे. उकळा. आणि सुटला तर मला लिहा, मी पेर्नूची माफी मागून मोकळी होते.

लेम्पी


अस्टोरिया, १२ फेब्रुवारी

लेम्पी,

तुकडा हरवला.

कप रिकामा होता.

मामा


अ‍ॅबर्डीन, २१ मार्च

मामा,

महिनाभर तुमच्या ओळीची वाट पाहिली. तुकडा तुम्ही चुलीत घातला असणार, आणि हरवला म्हणून लिहिलंत. ठीक आहे. निदान शेकोटी तरी झाली असेल.

मिल आता अर्धी पाळी चालते. ठिगळांच्या टेबलावर आम्ही बायका आळीपाळीने बसतो. पेर्नू रोज विचारतो, मामाचं काय आलं? मी म्हणते, विचार करतायत. तो म्हणतो, याल्मारी विचार करत नाही, तो आधी ठरवतो.

तुम्ही आईचे भाऊ म्हणून मी तुमचा शब्द मागितला नव्हता. सुतार म्हणून मागितला होता. आईची मात्र एक आठवण सांगते. दर शनिवारी नाचताना ती तुमच्या दाराजवळच्या खांबावर आदळायची. शेवटी तिने त्याला आपली जुनी शाल गुंडाळून ठेवली होती. सगळे म्हणायचे, हिल्माच्या भावाचा खांब आहे, तो हलायचा नाही, हिल्मानेच हलावं. ती हसायची. घरी येऊन खांद्याला तेल लावायची. मला तो हॉल खांबांशिवाय हवा आहे, मामा. मिलसाठी हवा आहे, आणि याच्यासाठीही हवा आहे.

पुढच्या महिन्यात सभा आहे. तुमचा शब्द आला तर आला. नाही आला तर मी एकटी उभी राहीन. हसतील, हसू देत. हसण्याने छप्पर पडत नाही.

लेम्पी


अस्टोरिया, २२ एप्रिल

लेम्पी,

तुकडा हरवला नव्हता. मी त्यावर बसत होतो.

तुझं पातेलं वगैरे बायकी काम मला जमत नाही. मी तो सॉनाच्या, म्हणजे माझ्या वाफेच्या न्हाणीघराच्या, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे वाफेने माझेसुद्धा कान सोलतात. दर शनिवारी त्याच्यावर बसलो, त्याच्यावर पाणी ओतलं. अंगाची वाफ घेऊन बाहेर पडलो की तोही माझ्याबरोबर बाहेर, चिखलात, रात्रभर. पुढच्या शनिवारी पुन्हा आत. काठाला पटाशी घालून पाहिली. थर सुटले नाहीत. माझ्या पार्श्वभागाचे सुटले.

तेव्हा गोंदाचं मी मान्य केलं. सोबत पेर्नूला चिठ्ठी आहे. प्लायवुडला याल्मारी रुओत्सालाचा शब्द आहे, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. मात्र छपराला आढं हवं. घड्या कर, पंखे कर, काय वाटेल ते कर, पण त्याखालून एक आढं जाऊ दे.

ते मी पाठवतोय. एस्कोलाच्या मासळीच्या ट्रकमधून येईल, तेव्हा सॅमनचा वास आला तर नाक मुरडू नकोस. नदीकाठच्या जुन्या फर झाडाचं लाकूड आहे. करवत लावलेली नाही, सगळं कुऱ्हाडीने तासलंय. फेब्रुवारीपासून हेच करत होतो, म्हणून पत्र नव्हतं. शेजारी म्हणाले, म्हाताऱ्या, गिरणीत एका दुपारी होईल. मी म्हणालो, तुमचं होईल. एका टोकाला हिल्माचं नाव कोरलंय.

असं आढं आता मला पुन्हा तासता येणार नाही. खांदा राहिला नाही. तेव्हा नीट चढवा.

मामा


अ‍ॅबर्डीन, ६ मे

मामा,

आढं पोहोचलं. ते ट्रकमधून उतरवताना सुतारांनी टोप्या काढल्या. पेर्नूने डोळे पुसले आणि म्हणाला की सॅमनच्या वासाने पाणी आलं. मी आईच्या नावावरून हात फिरवला. इतकं सुंदर काम मी पाहिलेलं नाही.

आणि मी ते चढवू देणार नाही.

चिडून लिहीत नाहीये. चार दिवस हे पत्र लिहून फाडतेय. हाल्वोर्सनला मी पुन्हा पुन्हा विचारलं, काही करता येईल का. या छपराला आढ्याचा काडीचा उपयोग नाही. उलट एवढं जड लाकूड लांबच्या लांब टाकायचं, तर ते टेकवायला मधोमध खांब घालावे लागतील. म्हणजे पुन्हा तोच हॉल, फक्त प्लायवुडची टोपी घातलेला. आणि जो कुणी दारातून आत येईल तो वर बघून म्हणेल, बघा, छप्पर याल्मारीच्या आढ्यावर उभं आहे. प्लायवुड त्याला दिसणारच नाही. आमचा माल विकत घ्यायला येणाऱ्याला तर नाहीच नाही.

सभेत सगळ्यांना तुमचं आढं हवंय. कुणाला खांबांचं काही वाटत नाही. मी एकटी नको म्हणतेय, आणि सगळे माझ्याकडे असे बघतात जणू मी आईच्या थडग्यावरचा दगड उचलला. मला वाईट वाटतंय, मामा. रोज वाटतं. तरीही नाही.

लेम्पी


अस्टोरिया, ११ मे

लेम्पी,

आढं नाही तर शब्दही नाही. पेर्नूला दुसरी चिठ्ठी गेली आहे.

दिलेली वस्तू मी परत घेत नाही. पावसात कुजू दे.

याल्मारी रुओत्साला


अ‍ॅबर्डीन, ३० सप्टेंबर

मामा,

तुम्ही 'मामा' लिहायचं सोडलंत, मी सोडलेलं नाही. हे पत्र तुम्ही चुलीत घालाल, पण आधी वाचाल. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तो माझ्यातही आहे.

तुमची दुसरी चिठ्ठी पेर्नूने सभेत दोनदा वाचली, दुसऱ्यांदा जरा जास्त मोठ्याने. मग मी उभी राहिले. मिलवाल्यांना आधीच तयार करून आणलं होतं. मी म्हणाले, छप्पर आम्ही सुट्टीच्या दिवशी आमच्या हाताने बांधू. त्याच्यावर हवा तेवढा भार घाला. वाकलं, तर आम्हीच ते उतरवू आणि फळ्यांचं छप्परही आमच्याच हाताने घालून देऊ, खांबांसकट, आढ्यासकट. मतदान अटीतटीचं झालं. पेर्नूने हात धड वर केला नाही, धड खालीही ठेवला नाही, कान खाजवत बसला. तो हात आम्ही आमच्या बाजूने मोजला.

उन्हाळाभर बांधलं. मदतीला आलेल्या तुमच्या पिढीच्या सुतारांनी पहिल्या दिवशी प्लायवुडचे तक्ते फळ्यांसारखे ठोकले, या टोकाला दोन खिळे, त्या टोकाला दोन, आणि चालले घरी. हाल्वोर्सनने सगळं परत करायला लावलं. काठाकाठाने जवळजवळ खिळे लागतात, घडीला घडी त्यांनीच धरून ठेवायची असते. सुतार म्हणाले, हे काय, शिवणकाम आहे का? मग आम्ही ठिगळवाल्या बायका शिडीवर चढलो. शिवणकाम आम्हाला येतं. नाइलाजाने तेही आमच्यामागून चढले. काम संपलं त्या दिवशी आढं नाही, शेंडा नाही, कॉफी नाही, म्हणून त्यांनी समोरच्या घडीच्या टोकाला केरसुणी टांगली. मी ती काढली नाही. म्हटलं, असू दे.

मग भाराचा दिवस आला. हाल्वोर्सनने वाळूची पोती आणवली होती. ती छपरावर चढवली. पेर्नू म्हणाला, पोती म्हणजे पोती, त्याने कुणाचं समाधान होणार? आवारात तुमचं आढं ताडपत्रीखाली पडलेलं होतं. मामा, ते एक दिवसही पावसात राहिलेलं नाही, ताडपत्री मी स्वतः बांधली होती. मी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हे टांगा.

मग मिलची पोरं पुढे झाली. घड्यांना साखळ्या लावल्या आणि तुमचं आढं हॉलच्या मधोमध अधांतरी टांगलं, जिथे तुमचे खांब होते तिथे. वर पोती, खाली आढं. छप्पर कुरकुरलं. हाल्वोर्सनचा चेहरा असा झाला की आता हा नॉर्वेला पोहत जातो. सगळे दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मी घरून थर्मास आणला होता. एक खुर्ची उचलली, आढ्याच्या बरोबर खाली ठेवली, बसले आणि कप भरला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण गरम कॉफी सोडून उठणार कोण?

पेर्नू दारातून म्हणाला, "लेम्पी, बाहेर ये."

मी म्हणाले, "तू आत ये."

तो आला नाही. आधी ठिगळवाल्या आल्या, खुर्च्या घेऊन, एकेक जण, विणकाम घेऊन आल्यासारख्या. मग त्यांचे नवरे आले, कारण बायको आत आणि आपण बाहेर हे बरं दिसत नाही. पेर्नू सगळ्यात शेवटी आला, स्वतःचा कप घेऊन. त्यात आधीच काहीतरी होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही आढ्याखाली बसून कॉफी प्यायलो. छप्पर एकदा कुरकुरलं ते कुरकुरलं, नंतर हूं नाही की चूं नाही.

आढ्याने छप्पर पेललेलं तुम्ही जन्मभर पाहिलंत. छपराने आढं पेललेलं बघायचं असेल तर या. ते अजून तिथेच टांगलेलं आहे. पोर्टलंडचा एक ठेकेदार येऊन बघून गेला, शाळेच्या छपराबद्दल विचारत होता. मान वर करून पुष्कळ वेळ उभा होता. आढ्याकडे त्याने एकदाच पाहिलं, बाकी वेळ प्लायवुडकडे.

पहिला नाच ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आहे. केरसुणी तशीच लटकतेय. ती मी काढणार नाही. शेंडा बांधायचा अधिकार ज्याचा, त्याने काढावी.

लेम्पी


अस्टोरिया, १४ ऑक्टोबर

लेम्पी,

मी येऊन गेलो. गेल्या मंगळवारी, तुम्ही सगळे मिलमध्ये असताना. किल्ली पेर्नूने दिली. त्याने तुला सांगितलं नसेल तर त्याने पहिल्यांदा शब्द पाळला.

माझी दोरी घेऊन गेलो होतो. घडीच्या खालच्या काठाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली. एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी एकच सांगितलं, काठ सरळ आहे. मग पेर्नूला शिडीवरून खाली पाठवलं आणि मी आढ्याला धरून लोंबकळलो. छपराला काही झालं नाही. माझ्या खांद्याला झालं.

हिल्माचं नाव खालून नीट वाचता येतं. मी ते वर दिसेल म्हणून कोरलं नव्हतं, पण दिसतं.

मी चुकलो, असं लिहिणार नाही. चर्चच्या दारांबद्दल मी बरोबर होतो आणि मरेपर्यंत बरोबर राहीन. छपराबद्दल तू बरोबर होतीस. एवढं पुरे, पुन्हा विचारू नकोस.

केरसुणी मी काढून आणली, सॉनाला हवीच होती. तिच्या जागी शेंडा बांधलाय. तुला वाटलं असेल पेर्नूने बांधला. पेर्नूला गाठ मारता येत नाही.

इथे आता मला बाजारात जायची सोय राहिली नाही. सुतार विचारतात, याल्मारी, भाचीने तुझं आढं बोकडासारखं टांगलं म्हणे? मी म्हणालो, टांगलं. तुमच्यापैकी एकाच्या तरी छपराला ते टांगून दाखवा, मग हसा. काल माझ्या सॉनाचं छप्पर उतरवलं, भर पावसात, सगळ्यांच्या देखत. आढंही उतरवलं. प्लायवुडचे तक्ते पाठव, एस्कोला परत येताना आणेल. नात्यातला म्हणून रद्दी माल देऊ नकोस, काठ मी पटाशी घालून बघणार आहे. खिळे मी माझे आणीन. शिवणकाम मला कुणी शिकवायला नको.

नाचाच्या आधी आढं खाली उतरवा. खूप दिवस टांगलं, सगळ्यांना कळलं. भिंतीलगत त्याचा बाक करा, नाव पुढच्या बाजूला येऊ दे. म्हाताऱ्यांना बसायला होईल.

मी त्यावर नंतर बसेन. पहिला नाच मी उभ्यानेच करणार आहे, दाराजवळ, हिल्मा ज्या खांबावर आदळायची त्या जागी. तू माझ्यासमोर उभी राहा.

मामा